अडीचची फेरीबोट

खून पान नऊवर होतो, चोडणच्या धक्क्यावर,
रॅम्पखालच्या चिखलात, ओहोटीच्या वेळी.
पुण्याच्या प्रकाशकांना तो पहिल्याच पानावर हवा होता.
मी म्हटलं, आधीची आठ पानं ती झोपलेली नाही,
ते कुणीतरी मोजायला हवं.

तिचं नाव हर्षला मांद्रेकर.
सोसायटीच्या रेशन दुकानात हिशेब लिहिते.
रात्री जेवल्यावर एक पांढरी गोळी, एक अर्धी गुलाबी,
अर्धी करायला आईचा अडकित्ता.
आवाज येतात. सगळेच वाईट नसतात.
एक नुसताच बांगड्याचा भाव सांगतो,
जुन्या किमतीत.

त्या रात्री फेरी बंद, इंजीन उघडून ठेवलेलं,
आणि अडीच वाजता तिला फेरीबोट ऐकू येते.

इन्स्पेक्टर जबानी लिहून घेतो,
समासात पेन्सिलीनं दोन शब्द: बांबोळीची केस.
पेन्सिलीनं, म्हणजे उद्या खोडता येतील.
हे एवढंसं मी चौदा वेळा लिहिलं.

आता गंमत अशी, की
ज्याला उभ्या जन्मात भास झाला नाही
तो स्वतःच्या कानांची उलटतपासणी कशाला घेईल?
हर्षला रोज घेते.
नळ ठिबकतोय वाटलं, तर तोटीखाली हात धरते.
हाक आली वाटलं, तर पाच मोजते,
दुसऱ्यांदा आली तर ओ देते.
शिवाय भुरा आहे, एका डोळ्यानं अधू, उंबऱ्याशी पडलेला.
त्याचे कान उभे राहिले तर आवाज जगाचा,
पडलेले असले तर तिचा, घरचा.

त्या रात्री अडीच वाजता
भुऱ्याचे कान उभे होते.

पुरावा एवढाच. कोर्टात टिकणार नाही.
दोनशे सतरा पानं मी त्याच्यावर टिकवली.

फोनवर प्रकाशक म्हणाले, मॅडम, शेवटी तीच खुनी निघू दे,
वाचक खुर्चीतून उडेल.
उडेल, आणि मग?
मग बुधवारी बांबोळीच्या बाकावर
माझ्या शेजारी बसते ती पारोड्याची बाई,
मुलाच्या डब्यातली अर्धी पोळी मला देते,
परतीच्या बसमध्ये हा उडालेला वाचक
तिच्या बाजूची सीट घेईल का?
असं काही बोलले नाही मी.
म्हटलं, रेंज जातेय.

हो, माझ्याही पर्समध्ये पट्टी असते.
लिथियमनं हात थोडा थरथरतो.
म्हापशाचा डीटीपीवाला सर्वेश म्हणाला,
‘बाय, एकशें चाळीस पानाचें अक्षर पळोवन भियेलों,
कितें बरयलां गो!’
त्या आठवड्यात डोस वाढला होता, एवढंच.
एकशे चाळीसवर हर्षला दहीभात कालवतेय.

खुनी कोण ते सांगत नाही, पुस्तक घ्या.
एक सांगते, तो शहाणा आहे.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात,
पान दोनशेपर्यंत तो चढत नाही.
आणि हर्षला शेवटी बरी होत नाही.
गोळ्या घेते.
सगळ्यात मोठं भांडण या दोन शब्दांवर झालं.

काल पार्सल आलं. पंचवीस प्रती, ओल्या डिंकाचा वास.
मुखपृष्ठावर केस सोडलेली बाई, बुबुळं पांढरी.
हर्षला तर घट्ट वेणी घालते,
शुक्रवारी अबोलीचा वळेसर.
सगळ्या प्रती मी टेबलावर पालथ्या ठेवल्या,
भुरा असता तर हुंगून गेला असता.

पहाटे पोदेराचा भोंपू वाजला.
मी पाच मोजले.
पुन्हा वाजला.
गेट उघडून रस्त्यावर गेले,
सायकलच्या टोपलीवरचं निळं प्लास्टिक त्यानं बाजूला केलं.
मला दोन उंडे पुरतात.
चार घेतले.